जंतूंनी घडविलेले प्लॅस्टिक आणि आपली जमीन

खरिपाचा भाजीपाला निघून रब्बीच्या मशागतीस आरंभ झाला की, ज्या गावांत टोमॅटो व मिरची ही पिके मल्चिंग पेपरवर घेतली जातात, तेथील बांधांवर अलीकडे एक दृश्य हमखास दिसते. बाभळीच्या काट्यांत, कुंपणाच्या तारांत आणि ओढ्याकाठच्या झुडपांत काळ्या-चंदेरी चिंध्या फडफडत असतात. ज्यास आपण पेपर म्हणतो तो वस्तुतः कागद नव्हे. ते पॉलिथिनचे पातळ आवरण होय, आणि कागदाप्रमाणे ते मातीत मिळून जात नाही. कुळवाच्या फाशीस ते गुंडाळते, रोटाव्हेटरच्या पात्यांत सापडून त्याच्या चिंधड्या होतात, आणि एकदा चिंधड्या झाल्या म्हणजे त्या वेचून काढणे कोणासही शक्य राहत नाही.

या स्थितीची काही जबाबदारी प्रस्तुत लेखकावरही आहे, हे प्रारंभीच नमूद केलेले बरे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मल्चिंगची प्रात्यक्षिके मी मोठ्या हौसेने घेतली. पाण्याची बचत होते, तणांचा बंदोबस्त होतो, फळास माती लागत नाही, हे लाभ मी गावोगाव सांगितले. ते खोटे नव्हते व आजही नाहीत. परंतु पीक निघाल्यावर ते आवरण कोठे जावयाचे, याविषयी माझ्या भाषणात एकही वाक्य नसे. चार वर्षांनी त्यांपैकीच एका शेतावर गेलो असता एका वृद्ध बागायतदारांनी मूठभर माती उचलून माझ्यापुढे धरली. तीत चार-पाच काळे तुकडे होते. ते इतकेच म्हणाले, “साहेब, तुम्ही सांगितलं म्हणून घातला. आता ह्यो मातीतनं काढायचा कसा, तेबी तुम्हीच सांगा.” मजजवळ उत्तर नव्हते.

पुढील हंगामात याच गृहस्थांनी तालुक्याच्या बाजारातून “आपोआप नष्ट होणारा” म्हणून विकला जाणारा पेपर चढ्या दराने आणला. उन्हाळ्यात तो खरोखरच फाटू लागला, आणि आम्हा दोघांसही क्षणभर समाधान वाटले. परंतु गादीवाफ्याच्या कडेस मातीखाली दाबलेला भाग काढून पाहिला, तो नव्यासारखा अखंड होता. उन्हात राहिलेल्या भागाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे होऊन ते वाऱ्याने शेजारच्या कांद्याच्या वाफ्यात गेले होते. विक्रेत्याने दिलेला माल बहुधा लोह, मँगनीज अशा धातूंचे क्षार मिसळलेल्या पॉलिथिनचा असावा. असे प्लॅस्टिक ऊन व उष्णता यांमुळे ठिसूळ होऊन तुटते, पण कुजत नाही. मोठ्या कचऱ्याचा बारीक कचरा होतो, एवढेच. युरोपीय संघाने या जातीच्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर २०२१ साली बंदी घातली, ती याच कारणाने. शेतकऱ्याच्या दृष्टीने तर हा प्रकार साध्या पेपरहून वाईट. साधा पेपर निदान गुंडाळून उचलता येतो.

या अनुभवानंतर कुजणाऱ्या प्लॅस्टिकविषयी जे जे वाचावयास मिळाले ते मी वाचले. वृत्तपत्रांत अधूनमधून “शेवाळापासून प्लॅस्टिक”, “जंतूंपासून प्लॅस्टिक” असे मथळे येतात आणि शेतकरी बंधू ते कात्रण घेऊन कार्यालयात विचारावयास येतात. तेव्हा यातील खरे किती व आपल्या कामाचे किती, याविषयी माझे मत येथे मांडीत आहे.

तुटणे आणि कुजणे यांतील भेद प्रथम ध्यानात घ्यावयास हवा. पाचट कुजते याचा अर्थ जमिनीतील जंतू व बुरशी ते खातात, आणि त्याचा कर्बवायू, पाणी व थोडा ह्यूमस होतो. पॉलिथिन खाऊन पचविण्याची युक्ती जमिनीतील जंतूंस जवळजवळ साधलेली नाही. त्याची साखळी त्यांच्या ओळखीची नाही. उलट, काही प्लॅस्टिके अशी आहेत की जी जंतू स्वतःच आपल्या शरीरात बनवितात. आणि जे एका जंतूने साठविले ते दुसऱ्यास खाता येते. फ्रान्समधील पाश्चर संस्थेचे शास्त्रज्ञ मॉरिस लेमॉइन यांनी १९२६ साली बॅसिलस मेगाटेरियम या जमिनीत सर्वत्र आढळणाऱ्या जंतूच्या शरीरात असे एक द्रव्य शोधून काढले. त्याचे नाव लांबलचक आहे, पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट. पुढे आपण त्यास पीएचबी म्हणू.

हे द्रव्य म्हणजे जंतूची कणगी होय. आजूबाजूस साखर विपुल आहे, पण नत्र वा स्फुरद कमी पडले आहे, अशी वेळ आली की जंतूची वाढ थांबते आणि तो उरलेली साखर पीएचबीच्या कणांच्या रूपाने शरीरात भरून ठेवतो. ऊस उत्पादकांस हे नवे वाटू नये. उसास शेवटपर्यंत नत्र देत राहिले तर तो पाल्याने माजतो व उतारा घटतो. नत्र वेळेवर तोडले म्हणजे कांडीत साखर भरते. जंतूंच्या टाकीतही तेच करतात. प्रथम नत्र देऊन जंतूंची संख्या वाढवावयाची, मग नत्र तोडून केवळ साखर द्यावयाची. कामास लावलेल्या उत्तम जातीच्या जंतूंत त्यांच्या सुक्या वजनाच्या ७० ते ८० टक्के इतके पीएचबी भरते. नंतर पेशी फोडून ते बाहेर काढतात, आणि पांढरी भुकटी हाती येते. ती सुमारे १७५ अंश सेल्सिअसला वितळते व साच्यात ओतता येते.

आपण बियाण्यास चोळतो त्या ॲझोटोबॅक्टर व रायझोबियम या जिवाणूंच्या शरीरातही हेच द्रव्य साठते. सोयाबीनच्या मुळांवरील गाठी फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर त्यांतील जंतूंत पीएचबीचे चमकदार कण दिसतात. म्हणजे हे प्लॅस्टिक आपल्या शेतात पूर्वीपासून तयार होत आहे आणि पूर्वीपासून खाल्लेही जात आहे. ते खाण्याचे पाचक रस जमिनीतील कित्येक जंतूंजवळ व बुरशींजवळ आहेत. पॉलिथिन आणि हे प्लॅस्टिक यांतील मूळ फरक तो हाच.

एवढे उत्तम द्रव्य १९२६ साली सापडले, मग शंभर वर्षे झाली तरी ते आपल्या शेतात का आले नाही, असा प्रश्न साहजिकच कोणी विचारील. त्याचे उत्तर किंमत हे आहे. ब्रिटनच्या आयसीआय या कंपनीने १९८० नंतरच्या दशकात त्याचा मोठा कारखानी प्रयत्न केला, आणि १९९० साली जर्मनीत त्यापासून केलेली शाम्पूची बाटली बाजारात आली. हा धंदा १९९६ साली मोन्सॅन्टोने घेतला व थोड्याच वर्षांत सोडून दिला. एक किलो पीएचबी करावयास सुमारे तीन किलो साखर लागते. शिवाय टाकी ढवळण्याची वीज, वाफ आणि द्रावके यांचा खर्च निराळा. तीन किलो साखरेच्या किमतीत एक किलो साधे पॉलिथिन सहज येते.

परंतु माझ्या मते तेथे आणखीही एक चूक झाली. बाटली कुजली काय किंवा न कुजली काय, शाम्पू विकत घेणाऱ्याच्या पदरात त्यामुळे काय पडते? त्यास समाधान मिळेल, पैसा मिळत नाही. शेतातील आच्छादनाची गोष्ट तशी नाही. ते उचलावयास बायामाणसांची रोजंदारी द्यावी लागते, ठिबकच्या नळ्या अगोदर बाजूस काढाव्या लागतात, उचललेला माती-चिखलाने माखलेला पेपर भंगारवाला घेत नाही, आणि अखेरीस तो बांधावर जाळला जातो. त्या धुराविषयी न लिहिलेलेच बरे. जेथे कुजण्याचा गुण ग्राहकाचा प्रत्यक्ष खर्च वाचवितो, तेथेच हे महाग प्लॅस्टिक प्रथम गेले पाहिजे. आच्छादन, रोपवाटिकेतील रोपाच्या पिशव्या, वेली बांधावयाच्या क्लिपा व सुतळ्या अशा, एका हंगामापुरत्या आणि मातीतच संपणाऱ्या वस्तू या कामास योग्य होत. ठिबकची नळी वा शेततळ्याचा कागद यांस ते लावणे हा शुद्ध अविचार ठरेल. त्या वस्तू टिकाव्यात म्हणूनच आपण घेतो. जागतिक अन्न व शेती संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात पिके व पशुपालन यांसाठी दरसाल सुमारे १ कोटी २५ लक्ष टन प्लॅस्टिक वापरले जाते. त्यातील मातीत राहून जाणारा भाग वेगळा काढून तेथे हा प्रयोग व्हावा, असे माझे म्हणणे आहे.

आता शेवाळाविषयी. भात उत्पादकांस निळे-हिरवे शेवाळ नवे नाही. भातखाचरांस मिळणाऱ्या नत्रात त्याचा वाटा आहे हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखविले, आणि आज तेच शेवाळ आपण खत म्हणून पसरतो. या शेवाळाच्या काही जातीही पीएचबी साठवितात. त्यांस साखर लागत नाही. ऊन, पाणी आणि हवेतील कर्बवायू यांवर त्या जगतात. म्हणून कागदावर हा मार्ग सर्वांत स्वस्त दिसतो. अडचण अशी की नैसर्गिक स्थितीत त्यांच्या सुक्या वजनात हे द्रव्य बहुधा दहा टक्क्यांहूनही कमी असते. जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली आनुवंशिक बदल करून ते ६० टक्क्यांच्या वर नेले. ही मोठीच गोष्ट आहे. पण ती प्रयोगशाळेतील काचपात्रात झाली, उघड्या तळ्यात नव्हे.

तळ्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. पाच फुटांवर गादीवाफे, चार फूट रुंदीचा व २५ मायक्रॉनचा पेपर धरला, तर एका एकरास साधा पेपर ७० ते ७५ किलो लागतो. पीएचबी पॉलिथिनपेक्षा जड असल्याने तेवढ्याच आवरणास ते सुमारे १०० किलो लागेल. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम सुके शेवाळ व त्यात दहावा हिस्सा प्लॅस्टिक धरले, तर एक किलो प्लॅस्टिकसाठी दहा हजार लिटर आणि शंभर किलोंसाठी दहा लक्ष लिटर पाणी गाळावे लागेल. म्हणजे एका एकरावर अंथरावयाच्या आवरणासाठी जवळजवळ एका एकराचेच, वीतभर खोल तळे हवे. पाणी गाळून पुन्हा वापरता येते व शेवाळ पुन्हा वाढते हे खरे, परंतु उन्हाने होणारी वाफ, तळ्यात शिरणारी परकी शेवाळे व ते खाणारे किडे यांचा बंदोबस्त कोणी करावयाचा? स्पिरुलिना वाढविण्याचा ज्यांनी प्रयत्न केला आहे त्यांस याची कल्पना असेल. शेवाळाचे संशोधन चालावे, त्यास पैसा मिळावा. पण “शेततळ्यात शेवाळ वाढवा व प्लॅस्टिक विका” असे सांगत कोणी गावात आला, तर तूर्त त्यास बियाणे वा संच यांचे पैसे देऊ नयेत.

साखरेवर वाढणाऱ्या जंतूंचा मार्ग मला अधिक जवळचा वाटतो. ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्यातील सेर्राना येथे १९९५ च्या सुमारास एका साखर कारखान्यास जोडूनच पीएचबीचे लहान संयंत्र उभे राहिले. उसाची साखर जंतूंस खाद्य, चिपाडांची वाफ व वीज, आणि प्लॅस्टिक वेगळे काढावयास लागणारे द्रावकही मद्यार्काच्या भट्टीतच निघणारे जड अल्कोहोल. बाहेरून आणावयाचे फार थोडे. ही घडण ज्या कारखान्यास परिचित आहे असा प्रदेश आपल्याकडे आहेच. पुण्याजवळ जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीजने २०२४ साली लॅक्टिक आम्लापासून बनणाऱ्या प्लॅस्टिकचे प्रात्यक्षिक संयंत्र सुरू केले. दह्यात आंबटपणा आणणाऱ्या जंतूंच्या जातभाईंकडून साखरेचे लॅक्टिक आम्ल करावयाचे व नंतर रासायनिक क्रियेने ते जोडून प्लॅस्टिक बनवावयाचे, अशी ती रीत आहे.

येथे एक इशारा देणे मला भाग आहे. लॅक्टिक आम्लाचे प्लॅस्टिक, ज्यास पीएलए म्हणतात, ते “कंपोस्ट होणारे” असते, पण ते सुमारे ५८ अंश उष्णता मिळेल तेथे. इंदूर पद्धतीने नीट थर देऊन, ओलावा राखून व उलथापालथ करून लावलेल्या ढिगाच्या गाभ्यात एवढी उष्णता येते. शेतातील मातीत ती केव्हाच येत नाही, आणि आपल्या नेहमीच्या वाळलेल्या उकिरड्यातही येत नाही. नुसते पीएलए मातीत गाडले तर ते कित्येक वर्षे तसेच राहू शकते. कपाबशांस ते उत्तम. आच्छादनास नुसते ते चालणार नाही. तसेच “उसापासून केलेले” या शब्दांसही भुलू नये. ब्राझीलमध्येच ब्रास्केम ही कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलचे पॉलिथिन मोठ्या प्रमाणावर करते. ते उसापासून झाले तरी पॉलिथिनच, आणि कुजण्याच्या बाबतीत खनिज तेलाच्या पॉलिथिनचा सख्खा भाऊ. उलटपक्षी, परदेशांत आज कुजणारे आच्छादन म्हणून जे विकले जाते, त्यातील बराच माल खनिज तेलापासून केलेल्या पीबीएटी या प्लॅस्टिकात स्टार्च वा पीएलए मिसळून बनविलेला असतो, व जंतू तो खातात. वस्तू कशापासून झाली हा एक प्रश्न आणि तिचा शेवट कोठे होतो हा दुसरा. जमिनीस दुसऱ्याशीच कर्तव्य आहे.

पीएचबीतही उणिवा आहेत, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नुसते पीएचबी ठिसूळ असते. त्याचे पातळ आवरण फुगवून काढणे कठीण जाते, म्हणून त्यात व्हॅलरेट नावाचा जोडघटक आणून वा दुसरी लवचीक द्रव्ये मिसळून ते मऊ करावे लागते. कुजण्याचा वेगही ओलावा, उष्णता, जाडी आणि जमिनीतील जिवंतपणा यांवर अवलंबून असतो. ठिबकखाली ओल्या राहिलेल्या काळ्या जमिनीत जे चार महिन्यांत विरेल, तेच माळाच्या कोरड्या मुरमाड जमिनीत वर्षभर पडून राहणे शक्य आहे. आणि कोकणच्या जांभ्या जमिनीत भर पावसाळ्यात कदाचित पीक उभे असतानाच फाटेल. युरोपात २०१८ साली झालेल्या मानकाप्रमाणे आच्छादनाच्या कर्बापैकी ९० टक्के कर्ब दोन वर्षांच्या आत कर्बवायूच्या रूपाने निघून गेल्याचे मोजून दाखवावे लागते. ही परीक्षा सुमारे २५ अंश उष्णतेस, प्रयोगशाळेतील ओल्या मातीत होते. ती योग्यच आहे, परंतु मे महिन्यातील आपल्या जमिनीची ती परीक्षा नव्हे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर, चार निरनिराळ्या मातींत, अशा आवरणांची निदान तीन वर्षे चाचणी व्हावी आणि तिचे आकडे प्रतिकूल असले तरी छापले जावेत. त्याखेरीज अनुदानाची घाई होऊ नये. मागील प्रात्यक्षिकांच्या वेळी आम्ही केलेली घाई पुरे झाली.

आणखी एक शंका रास्त आहे. शंभर किलो पीएचबीस तीनशे किलो साखर, म्हणजे ढोबळमानाने तीन टन ऊस लागणार. एका एकराचे टोमॅटो झाकावयास तीन टन ऊस, आणि त्या उसास किती पाणी, हे अवर्षणग्रस्त तालुक्यांत राहणाऱ्यास सांगावयास नको. प्लॅस्टिकसाठी नवा ऊस लावणे मला मान्य नाही. मळी, दूध संघांत पनीर गाळल्यावर उरणारे निवळीचे पाणी, खराब झालेले धान्य व बटाटे यांवर हे जंतू वाढवावयाचे असतील तरच हा धंदा आपल्या भागास शोभेल. निवळीच्या पाण्यातील साखर सर्वच जंतूंस पचत नाही व मळीस मद्यार्काची मागणी आहे, या अडचणी आहेत. त्या सोडविणे हे सहकारी कारखान्यांच्या व दूध संघांच्या तंत्रज्ञांचे काम आहे. मात्र ते त्यांनी आताच हाती घ्यावे. अन्यथा उद्या हेच आवरण बाहेरून महाग येईल आणि आपली मळी स्वस्तात जात राहील.

तोवर आज काय करावयाचे? जेथे उसाचे पाचट, गव्हाचे काड वा भाताचा पेंढा मिळतो तेथे त्याचेच आच्छादन करावे. ते फुकट कुजते व जमिनीस काही देऊन जाते. जेथे पेपरच हवा, तेथे स्वस्त म्हणून अगदी पातळ पेपर घेऊ नये. चीनमध्ये अतिपातळ पेपरने शेते भरून गेल्यावर २०१८ पासून किमान जाडी वाढवावी लागली, कारण पातळ पेपर अखंड उचलताच येत नाही. पीक निघताच, रोटाव्हेटर घालण्यापूर्वी, कडेची माती मोकळी करून तो सबंध गुंडाळावा. “कुजणारा” म्हणून कोणी पेपर विकत असेल तर त्याच्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक मागावा. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनुसार व त्यांतील पुढील सुधारणांनुसार तो असणे आवश्यक आहे. शिवाय प्रमाणपत्र कंपोस्टच्या ढिगाचे आहे की शेतातील मातीचे, हेही विचारावे. विक्रेता या प्रश्नाने गोंधळला, तर आपल्याला उत्तर मिळाले असे समजावे.

ज्यांस हौस आहे त्यांनी घरच्या घरीही थोडी परीक्षा करावी. पेपरची हातभर पट्टी वजन करून नायलॉनच्या बारीक जाळीच्या पिशवीत घालावी व ठिबकच्या ओलीत चार बोटे खोल पुरावी. तिच्याशेजारी तशीच एक जुन्या सुती धोतराची पट्टी पुरावी. दर महिन्यास उकरून, धुऊन, वाळवून वजन घ्यावे. सुती पट्टीही कुजली नाही, तर जमीन कोरडी वा निर्जीव आहे व परीक्षा व्यर्थ आहे. पट्टी दिसेनाशी झाली म्हणजे ती कुजलीच असे मात्र नव्हे. जाळीतून बारीक तुकडे निसटतात, म्हणून पिशवीभोवतीची मातीही चाळून पाहावी.

ज्या वृद्ध बागायतदारांचा उल्लेख वर आला, त्यांच्याच शेतात आम्ही दोघांनी मिळून या महिन्यात अशा बारा पिशव्या पुरल्या आहेत. साधा पेपर, त्या विक्रेत्याचा उरलेला पेपर, बाजारातील कंपोस्ट होणारी पिशवी आणि धोतराची पट्टी, प्रत्येकी तीन. खुणेसाठी त्यांनी निरगुडीच्या काठ्या रोवल्या असून पहिली पिशवी हुरड्याच्या सुमारास उकरावयाची आहे.